एचआयव्हीपासून बचाव कसा करायचा : कोकणातून नेहमी येणारे प्रश्न

मी बरीच वर्षं आपल्या किनारपट्टीवर एचआयव्हीच्या टेस्टिंगचं आणि समुपदेशनाचं काम केलंय. बंदरावर, आंब्याच्या बागेत, हायवेवरच्या ढाब्यावर, सरकारी दवाखान्याच्या मागच्या खोलीत, सगळीकडे लोक तेच प्रश्न विचारतात, पण दार लोटून घेतल्यावर विचारतात आणि बहुतेक वेळा उशिरा विचारतात. हा उशीरच मला सगळ्यात जास्त छळतो. औषध आहे, टेस्ट फुकट आहे, तरी माणूस चार दिवस, चार महिने, कधी चार वर्षं थांबतो, कारण काय तर टेस्टच्या खोलीबाहेर बाकावर आपल्या वाडीतलं कोणी बसलेलं असेल. म्हणून हे सगळं इथे लिहून ठेवतेय, घरी एकट्याने मोबाईलवर वाचता येईल असं.

एचआयव्ही नक्की कशातून जातो?

रक्त, वीर्य आणि वीर्याच्या आधी येणारा चिकट स्राव, योनीतला स्राव, गुदद्वारातला स्राव आणि आईचं दूध. बस एवढंच. आणि हे नुसतं हाताला लागून काही होत नाही, ते दुसऱ्याच्या आतल्या नाजूक त्वचेपर्यंत, जखमेपर्यंत किंवा सुईतून थेट रक्तात पोचलं पाहिजे. थुंकी, घाम, अश्रू यातून होत नाही. एका ताटात जेवलात, एकाच गडूने पाणी प्यायलात, एका होडीत पंधरा दिवस झोपलात, एकच संडास वापरलात, खोकला आला, मिठी मारली, तरी काहीही होत नाही.

डास चावलो तर होता काय ओ? आमच्याकडे पावसात डास किती ते बघा.

नाय होत. मलेरियाचा जंतू डासाच्या पोटात वाढतो म्हणून मलेरिया होतो, एचआयव्ही डासाच्या पोटात जगतच नाही, तो तिथे पचून जातो, आणि डास चावताना आधीच्या माणसाचं रक्त आपल्यात सोडत नाही, स्वतःची लाळ सोडतो. साधा विचार करा, डासांनी पसरत असता तर घरातली म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी पोरं सगळ्यात आधी सापडली असती. मच्छरदाणी लावा, पण मलेरिया, डेंग्यूसाठी लावा.

एकदाच झालं होतं. एकदात होतं का?

होऊ शकतं, पण दर वेळी होतंच असं नाही. समोरच्याला एचआयव्ही आहे, तो औषधावर नाही आणि काँडम नाही असं धरलं तर अंदाज साधारण असे दिले जातात : दर १०,००० वेळांमागे, योनीमार्गातल्या संबंधात बाईला सुमारे ८ वेळा आणि पुरुषाला ४ वेळा लागण होते. गुदमार्गाच्या संबंधात घेणाऱ्याला १३८ वेळा, करणाऱ्याला ११ वेळा. दुसऱ्याची वापरलेली सुई नशेसाठी टोचून घेतली तर ६३. आणि एचआयव्ही असलेलं रक्त चढवलं तर जवळजवळ नक्की, १०,००० मध्ये ९,२५०. तोंडाने केलेल्या संबंधात खूप कमी, पण अगदी शून्य म्हणता येणार नाही, हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा तोंड आलेलं असेल तर जास्त काळजी घ्या.

आता हे आकडे वाचून काही जण ‘दहा हजारात चार ना, मग काय’ म्हणून निवांत होतात, तसं करू नका, कारण ही सरासरी आहे. समोरच्याला नुकतीच लागण झाली असेल तर पहिल्या काही आठवड्यात त्याच्या रक्तात व्हायरस प्रचंड असतो आणि तेव्हा त्याला स्वतःलाही माहीत नसतं. दोघांपैकी कोणाला गुप्तरोगाचे चट्टे असतील तर रिस्क आणखी वाढते. आणि लग्नाच्या बाईच्या बाबतीत ‘एकदा’ असं काही नसतंच, तिथे वर्षानुवर्षांचा हिशोब असतो.

काँडम वापरतो तरी फाटतो. मग काय उपयोग?

नीट वापरला तर फाटणं फार कमी होतं, आणि फाटला म्हणणाऱ्या लोकांशी बोलताना कारण बहुतेक वेळा तेच निघतं. आपल्याकडे पहिलं कारण खोबरेल तेल. घरात हाताशी असतं, लोक लावतात, आणि तेलाने रबर थोड्याच वेळात कमजोर होतं. खोबरेल, व्हॅसलीन, बॉडी लोशन, साजूक तूप, यातलं काही लेटेक्सच्या काँडमला चालत नाही. मेडिकलमध्ये पाण्याची जेल मिळते तीच लावायची, आणि गुदमार्गाच्या संबंधात तर ती लागतेच, तिथे आपोआप ओलावा नसतो.

दुसरं कारण उष्णता. मे महिन्यात बाईकच्या डिकीत, ट्रकच्या डॅशबोर्डवर, लाँचच्या इंजिनाच्या बाजूला ठेवलेल्या पिशवीत, नाहीतर मागच्या खिशातल्या पाकिटात सहा महिने दाबून ठेवलेला काँडम हा काँडम राहत नाही. तारीख बघा, पाकीट दाबून आत हवा आहे का बघा, दाताने फाडू नका, टोक चिमटीत धरून हवा काढून मग चढवा, आणि झाल्यावर ताठरपणा जायच्या आत बुडाशी धरून बाहेर काढा. दोन एकावर एक घालणारे पण भेटतात, डबल सेफ्टी म्हणून, त्याने उलट दोन्ही एकमेकांवर घासून फाटतात. एकच घाला.

दुकानात मागायला लाज वाटते हे मी समजू शकते, छोट्या बाजारपेठेत मेडिकलवाला आपल्या बाबांना ओळखत असतो. सरकारी हॉस्पिटलात आणि टेस्टिंग सेंटरवर निरोध फुकट मिळतात, नाहीतर ऑनलाईन मागवा, किंवा रत्नागिरी, चिपळूण, कणकवलीला कामाला गेलात की तिथून घेऊन या. पण ‘आज नव्हता’ हे कारण होऊ देऊ नका.

माझो घोव मुंबैक आसा. वर्षाक दोनदा येता, चवथीक आणि शिमग्याक. तेका इचारू कसा?

हा प्रश्न मला आलेल्या प्रश्नांमध्ये सगळ्यात जड आहे. बाईवर लगेच उलटतं, ‘म्हणजे तुझा माझ्यावर विश्वास नाही’, आणि काही घरांत उलट तिच्यावरच संशय घेतात. ज्या बायका माझ्यासमोर पॉझिटिव्ह रिपोर्ट घेऊन बसल्या त्यातल्या कितीतरी जणींनी आयुष्यात नवऱ्याशिवाय दुसऱ्या कोणाकडे पाहिलं नव्हतं. म्हणून ‘आपण चांगल्या घरातल्या आहोत, आपल्याला काय होतंय’ हे बायांनो डोक्यातून काढा. हा रोग चांगलं घर-वाईट घर बघत नाही.

काय करता येतं ते सांगते. एक, काँडमचा विषय एचआयव्हीच्या नावाने काढू नका, ‘आता मूल नको, गोळ्यांनी मला त्रास होतो’ असं म्हणून काढा, बऱ्याच जणींचं यावर जमलेलं आहे. तांबी बसवली असेल किंवा ऑपरेशन झालं असेल तर मूल राहणार नाही, पण एचआयव्ही थांबत नाही, हे वेगळं लक्षात ठेवा. दोन, टेस्ट दोघांनी मिळून करायची, शुगर-बीपीच्या तपासणीसोबत, सुट्टीवर आला की दोघं जाऊन यायचं. तीन, नवरा तयार नसेल तरी तुमची स्वतःची टेस्ट तुम्ही करू शकता, त्याला नवऱ्याची परवानगी लागत नाही. आणि घरात मारहाण, जबरदस्ती होत असेल तर १८१ ही महिलांची हेल्पलाईन आहे.

आणि मुंबईत, पुण्यात खोली करून राहणाऱ्या भावांनो, हे तुम्ही वाचत असाल तर एवढंच करा, गावाला यायच्या आधी तिथेच टेस्ट करून घ्या. तिथे तुम्हाला कोणी ओळखत नाही, फुकट आहे, तास-दीड तासाचं काम आहे. चाकरमानी गावी येताना सगळ्यांसाठी काय काय आणतो, त्या पिशवीत हा एक रिपोर्ट पण असू दे.

काल रात्री काँडम फाटला / वापरलाच नाही. आता काय?

आता हे वाचणं थांबवून घड्याळ बघा. अशा वेळी घ्यायच्या गोळ्या असतात, त्याला पेप म्हणतात. घटना घडल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, आणि जितक्या लवकर तितकं चांगलं, पहिल्या दोन-चार तासात मिळाल्या तर फारच छान. ७२ तास उलटले की उपयोग राहत नाही. गोळ्या २८ दिवस रोज घ्यायच्या, एकही दिवस न चुकवता. सुरू करताना एक टेस्ट होते, पण त्या रिपोर्टसाठी पहिला डोस थांबवायचा नसतो. नंतर साधारण सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी पुन्हा टेस्ट.

इथे आपल्या भागाची अडचण अशी की अंतरं मोठी. शनिवारी रात्री घडलं, रविवारी ओपीडी बंद, सोमवारी सुट्टी, गुहागरच्या टोकाकडच्या गावातून निघायचं, एसटी बदलायची, चवथीच्या दिवसांत हायवे तुंबलेला, असं करत करत तीन दिवस संपतात. म्हणून ओपीडीची वाट बघू नका, सरळ मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा, किंवा आधी १०९७ ला फोन लावा, ही सरकारची एचआयव्हीची टोल फ्री हेल्पलाईन आहे, जवळ कुठे जायचं ते विचारा. दवाखान्यातल्या स्टाफला सुईची जखम झाली किंवा कोणावर बलात्कार झाला असेल तर सरकारी हॉस्पिटलात पेप फुकट मिळाली पाहिजे. बलात्कार झालेल्या व्यक्तीवर फुकट प्रथमोपचार आणि उपचार करणं सरकारी-खासगी सगळ्या हॉस्पिटलवर कायद्याने बंधनकारक आहे, त्यासाठी आधी पोलिसांत जावंच लागतं असं नाही. बाकी प्रसंगात सरकारीत मिळाली तर ठीक, नाहीतर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकत घ्या, पण घ्या.

खलाशी भावांसाठी वेगळं सांगते. एक पोरगा होता, परराज्यातून आलेला, बंदराजवळ रात्री काहीतरी झालं आणि पहाटे बोट सुटली. आठ दिवसांनी परत आल्यावर माझ्याकडे आला. तेव्हा माझ्या हातात फक्त टेस्टच्या तारखा होत्या, दुसरं काही नव्हतं. त्याला बोट चुकवायची भीती वाटली, तांडेल, म्हणजे बोटीवरचा मुख्य, काय म्हणेल, पगार कापतील. नंतर तीन महिन्यांनी त्याचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, पण ते तीन महिने त्याने कसे काढले ते मी बघितलंय. बोट सुटायच्या आधी पेप चालू करता येते आणि २८ दिवसांच्या गोळ्या बरोबर नेता येतात. तांडेलांनी आणि मालकांनी पण समजून घ्या, ‘तब्येतीचं अर्जंट काम आहे’ म्हणून पोरगा चार तास मागतोय तर द्या, कारण विचारत बसू नका.

पेप आणि प्रेप एकच का?

नाही. पेप घटना झाल्यानंतर, प्रेप घटना व्हायच्या आधीपासून. ज्यांना वारंवार रिस्क येते त्यांच्यासाठी प्रेप, म्हणजे ज्यांचा जोडीदार पॉझिटिव्ह आहे आणि त्याचं औषध अजून नीट बसलेलं नाही, ज्यांचे एकापेक्षा जास्त जोडीदार आहेत, जे सेक्स वर्क करतात, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, तृतीयपंथी. टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिन अशी दोन औषधं असलेली रोज एक गोळी. रोज नीट घेतली तर शरीरसंबंधातून होणारी लागण सुमारे ९९ टक्के टळते, मध्ये मध्ये चुकवली तर हा आकडा झपाट्याने खाली येतो. लगेच पण काम करत नाही, गुदमार्गाच्या संबंधासाठी साधारण ७ दिवस, योनीमार्गाच्या संबंधासाठी साधारण ३ आठवडे रोज घेतल्यावर पूर्ण संरक्षण धरतात.

स्वतःच्या मनाने चालू करू नका. आधी एचआयव्ही टेस्ट निगेटिव्ह पाहिजे, किडनीची आणि कावीळ बी ची तपासणी पाहिजे, नंतर दर तीन महिन्यांनी पुन्हा टेस्ट. कावीळ बी असताना ही गोळी अचानक बंद केली तर लिव्हरला त्रास होऊ शकतो. आणि प्रेपने गुप्तरोग थांबत नाहीत, गर्भ थांबत नाही, म्हणून काँडम सोडायचा नाही.

आता वर्षातून दोनदा घ्यायचं इंजेक्शन पण आलंय, लेनाकापाविर नावाचं. २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या तरुण मुलींवरच्या अभ्यासात ते घेणाऱ्या २,१३४ जणींपैकी एकीलाही लागण झाली नाही, आणि जून २०२५ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. हे वाचून मला खरंच खूप आनंद झाला, कारण रोज गोळी लपवून घ्यायला लागणाऱ्या बाईसाठी हे किती मोठं आहे ते तिलाच विचारा.

टेस्ट कधी करायची? दुसऱ्या दिवशी केली तर चालेल?

दुसऱ्या दिवशीची टेस्ट जुनी लागण असेल तर दाखवते, कालची नाही. लागण झाल्यावर टेस्टमध्ये दिसेपर्यंत काही दिवस जातात, त्याला विंडो पिरियड म्हणतात. बोटाला टोचून करतात ती अँटिबॉडीची रॅपिड टेस्ट २३ ते ९० दिवसांनी सांगते. लॅबमध्ये शिरेतलं रक्त घेऊन करतात ती चौथ्या पिढीची टेस्ट साधारण १८ ते ४५ दिवसांत. म्हणजे तीन महिने झाल्यावर, मधल्या काळात नवीन रिस्क झाली नसेल तर, निगेटिव्ह म्हणजे निगेटिव्ह. त्यानंतर दर आठवड्याला टेस्ट करत फिरणारे लोक असतात, त्यांना झोप लागत नाही, भूक लागत नाही, त्यांना मी प्रेमाने सांगते की आता टेस्ट नको, मन मोकळं करायला समुपदेशकाशी बोला.

आणि ताप, घसा, अंगावर पुरळ, गाठी, यावरून अंदाज बांधू नका. सुरुवातीला फ्लूसारखा ताप येऊ शकतो, कित्येकांना काहीच होत नाही, आणि मग वर्षानुवर्षं माणूस ठणठणीत दिसतो. ‘बघून कळतं’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

कुठे करायची? गावात कळेल ना!

सरकारी टेस्टिंग सेंटरला आयसीटीसी म्हणतात. रत्नागिरी, ओरोस, अलिबागच्या जिल्ह्याच्या हॉस्पिटलात आहेत, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांतही असतात. फुकट. आधी समुपदेशक बोलतो, तुमची संमती घेतो, मग रक्त. पॉझिटिव्ह सांगायच्या आधी वेगवेगळ्या तीन किटवर तपासतात, त्यामुळे एका किटच्या चुकीने कोणाला पॉझिटिव्ह ठरवत नाहीत.

कळण्याची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. एका खासगी लॅबमधून रिपोर्ट पेशंटच्या आधी त्याच्या चुलत्याला कळल्याचं मी स्वतः बघितलंय, त्या माणसाला त्यानंतर गावाच्या क्रिकेट टीममधून सुद्धा काढलं. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. पण कायदा आता तुमच्या बाजूने आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालाय. तुमच्या संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही, रिपोर्ट दुसऱ्याला सांगता येत नाही, आणि एचआयव्ही आहे म्हणून नोकरीवरून काढणं, शाळेत न घेणं, खोली न देणं, दवाखान्यात उपचार नाकारणं, हे सगळं बेकायदेशीर आहे.

आणि व्यवहारी सल्ला हवा असेल तर, तुम्ही त्याच तालुक्याचे असायला पाहिजे असं काही नाही. मालवणचा माणूस रत्नागिरीत टेस्ट करू शकतो, दापोलीचा मुंबईत, सावंतवाडीचा कोल्हापुरात. बाजाराला जातो सांगा, लग्नाचं सामान आणायला जातो सांगा, पण जा.

पॉझिटिव्ह आलं तर सगळं संपलं ना?

नाही हो, नाही. भारतात १ एप्रिल २००४ पासून सरकारी औषध फुकट आहे. आधी सीडी-फोरची, म्हणजे रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशींची, संख्या खाली यायची वाट बघत, २०१७ पासून रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की लगेच औषध सुरू करतात. आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी, त्यात तीन औषधं. देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसोबत जगतायत, शेती करतायत, रिक्षा चालवतायत, नातवंडं खेळवतायत.

आणि ही गोष्ट मला छतावर चढून ओरडून सांगाविशी वाटते : औषध नीट घेऊन रक्तातला व्हायरस इतका खाली गेला की मशीनला सापडत नाही, आणि तो तसाच राहिला, तर त्या माणसाकडून शरीरसंबंधातून दुसऱ्याला एचआयव्ही जात नाही. कमी जातो असं नाही, जातच नाही. युरोपातल्या एका मोठ्या अभ्यासात अशी जोडपी वर्षानुवर्षं पाहिली, एकजण पॉझिटिव्ह औषधावर, दुसरा निगेटिव्ह, काँडमशिवाय हजारो वेळा संबंध, आणि जोडीदाराकडून झालेली लागण शून्य. म्हणजे पॉझिटिव्ह माणसाला औषधावर ठेवणं हेच गावाला वाचवणं आहे, त्याला वाळीत टाकून तो औषध सोडून पळाला तर उलट सगळ्यांची रिस्क वाढते. इथे नुसती गोळी चालू आहे एवढं पुरत नाही, व्हायरल लोडची, म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे त्याची, टेस्ट वेळेवर करून ‘सापडत नाही’ असा रिपोर्ट हातात पाहिजे, आणि तोपर्यंत काँडम.

बायको गरोदर आहे आणि पॉझिटिव्ह आहे. बाळाला होणारच का?

औषध नसेल तर १०० मधल्या १५ ते ४५ बाळांना होऊ शकतं, औषध असेल तर ५ च्या खाली, आणि व्हायरल लोड दाबलेला असेल तर १ च्याही खाली. गरोदरपणाच्या सुरुवातीलाच टेस्ट करायची, औषध लगेच, बाळाला जन्मल्यावर काही आठवडे औषध, सहा आठवड्यांनी बाळाची पहिली टेस्ट आणि शेवटची १८ महिन्यांनी. एचआयव्ही आहे म्हणून सिझेरियनच पाहिजे असं नाही, आणि दूध पाजायचं की नाही ते औषध चालू असताना डॉक्टरांशी बोलून ठरतं, शेजारणीच्या सांगण्यावरून अंगावरचं तोडू नका. एक बारीक पण कामाची गोष्ट, गरोदर बाईला लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या पण असतात, त्या एचआयव्हीच्या गोळीबरोबर रिकाम्या पोटी एकदम घेतल्या तर औषध नीट लागत नाही, वेळा कशा ठेवायच्या ते एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीचं औषध मिळतं त्या सरकारी केंद्राला, विचारून घ्या.

जत्रेत गोंदवून घेतलं. सलूनमध्ये वस्तऱ्याने कापलं. टेन्शन घ्यायचं का?

सलूनच्या ब्लेडने एचआयव्ही झाल्याची शक्यता जवळजवळ नाहीच, तरी प्रत्येक वेळी नवीन ब्लेड मागा, कारण कावीळ बी त्यातून होऊ शकते. गोंदवणं वेगळं, तिथे सुई आत जाते. जत्रेत एकाच सुईने आणि एकाच शाईच्या वाटीतून रांगेने दहा जणांना गोंदवत असतील तर तिथून उठा. नाक-कान टोचतानाही नवीन सुई. आणि डॉक्टरने इंजेक्शन देताना सुई तुमच्यासमोर पाकिटातून काढली पाहिजे, ‘नवीन आहे ना?’ असं विचारण्यात अपमान कोणाचाच नाही.

नशेची इंजेक्शनं घेणाऱ्या पोरांचं काय?

आपल्याकडे हा विषय कोणी उघड बोलत नाही. सुई, सिरिंज, पाणी, कापूस काहीही शेअर करायचं नाही. सोडायचं असेल तर सरकारी केंद्रांवर जिभेखाली ठेवायचं फुकट औषध मिळतं, १०९७ वर जवळचं केंद्र विचारा. घरच्यांनी कोंडून ठेवून हे सुटत नाही.

रक्त दिल्याने होतं का? रक्तदान शिबिरात टेस्ट पण होते, मग तिथेच दिलं तर?

रक्त दिल्याने होत नाही, सुई नवीन असते. पण टेस्ट करायची म्हणून रक्तदान अजिबात करू नका, विंडो पिरियडमधलं रक्त टेस्टला चकवून कोणाच्या तरी लहान मुलाला चढू शकतं. रिस्क झाली असेल तर आयसीटीसीत जा. रक्त लागलंच तर लायसन्स असलेल्या रक्तपेढीचंच घ्या. तिथे प्रत्येक पिशवी एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, सिफिलिस आणि मलेरियासाठी तपासतात, आणि पैसे घेऊन रक्त विकणं आपल्या देशात १ जानेवारी १९९८ पासून बंद आहे.

मी पुरुष आहे आणि मला पुरुष आवडतात. डॉक्टरला सांगू का?

सांगा, निदान समुपदेशकाला तरी सांगा, कारण तुमची रिस्क वेगळी आहे आणि सल्लाही वेगळा लागतो : जेल, प्रेप, गुदमार्गाची आणि घशाची गुप्तरोगाची तपासणी. ६ सप्टेंबर २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर दोन सज्ञान माणसांचा राजीखुशीचा संबंध हा गुन्हा नाही. गावात बोलायला जागा नसेल तर मुंबईत हमसफर ट्रस्टसारख्या संस्था १९९४ पासून याच कामात आहेत. आणि घरच्यांच्या दबावाने लग्न ठरत असेल तर कृपा करून त्याआधी टेस्ट करा, त्या मुलीचा यात काही दोष नाही.

लघवीला जळजळ, जखम आहे. गावठी औषध चालू आहे.

गुप्तरोग अंगावर काढू नका, जखमेतून एचआयव्हीला दार उघडं मिळतं. सरकारी हॉस्पिटलात ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं, तपासणी आणि औषध फुकट, जोडीदाराला पण न्या नाहीतर परत होतं. आणि मुळ्या देऊन एचआयव्ही मुळापासून बरा करतो म्हणणाऱ्या माणसाकडे एक रुपया पण देऊ नका. एड्स बरा करतो असा दावा औषधावर करायला कायद्यानेच बंदी आहे. अशा माणसाच्या नादाने चालू गोळी सोडलेले लोक मी गमावलेत.

सुंता केली तर होत नाही म्हणतात?

आफ्रिकेतल्या अभ्यासात बाईकडून पुरुषाला होणारी लागण सुमारे ६० टक्के कमी झाली हे खरं, पण कमी झाली, थांबली नाही, आणि बाईला त्याचं थेट संरक्षण मिळत नाही. काँडमला तो पर्याय नाही.

लग्नाआधी मुलाची टेस्ट मागितली तर वाईट दिसेल का?

दोघांची मागा, म्हणजे वाईट दिसत नाही. पत्रिका बघता, जमीन बघता, मुंबईतली खोली बघता, मग हे का नाही. जबरदस्ती करता येत नाही, पण दोघं मिळून जाणं यात लाज कसली. विंडो पिरियड लक्षात ठेवून तीन महिन्यांच्या अंतराने दोनदा केली तर जास्त चांगलं. आणि कोणाची पॉझिटिव्ह आली तर ते दोघांनी ठरवायचं, चव्हाट्यावर नाही. औषध घेऊन संसार करणारी, निगेटिव्ह मुलं असलेली जोडपी मला माहीत आहेत.

माझी जाऊ पॉझिटिव्ह आहे. चवथीला सगळे एकत्र असतो. तिला स्वयंपाकाला, नैवेद्याला हात लावू द्यायचा का? विळीवर बोट कापलं तर?

द्यायचा. जेवणातून जात नाही, शिजवलेल्यातून नाही, न शिजवलेल्यातून नाही. बोट कापलंच तर धुवायचं, पट्टी लावायची, भाजी टाकून द्यायची, हे आपण कोणाचंही बोट कापलं तरी करतोच. तिचं रक्त पुसायचं झालं तर हातात प्लास्टिकची पिशवी घाला आणि नंतर जागा ब्लीचच्या पाण्याने पुसा. तिचा वस्तरा आणि टूथब्रश फक्त वेगळा, ताट-वाटी-अंथरूण वेगळं नाही.

पण तुम्ही विचारलंत म्हणून दुसरी एक गोष्ट सांगते जिच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. चवथीला घर माणसांनी भरलेलं असतं, एकटं राहायला कोपरा मिळत नाही. एक बाई होती, ती गोळ्यांची डबी तांदळाच्या पिंपात लपवायची, आणि त्या दिवसांत पिंपाभोवती सतत कोणी ना कोणी असायचं, म्हणून तिच्या अकरा दिवसांत आठ गोळ्या चुकल्या. पुढच्या तपासणीत तिचा व्हायरल लोड वर गेलेला होता. तुम्हाला तिचं माहीत आहे, म्हणजे घरात निदान तुम्ही तरी आहात. तिची गोळीची वेळ विचारून घ्या, रात्रीची नऊची असेल तर नऊला, आरती चालू असली तरी, ‘जरा माजघरातून वाती आण गो’ म्हणून तिला आत पाठवा आणि पाण्याचा तांब्या आधीच तिथे भरून ठेवा.